खिळ्यावरचा बिल्ला

सोमवार, १५ एप्रिल १८८९

“आता मला हाक मारत जाऊ नकोस ग्रिझी, टेबलावर ठोक. लाकडातून मला कळतं.”

पंधरा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ नीनियन जहाजं बांधायच्या गोदीतून पहिल्यांदा सुटीवर घरी आला, तेव्हा असं म्हणाला होता. मी जेवायला हाका मारून दमले होते आणि तो माझ्याकडे पाठ करून खिडकीशी शांत उभा होता. एकवीस वर्षांचा. गोदीतल्या चार वर्षांनी त्याचे कान नेले होते. मी रडले, तर हसला. म्हणाला, गोदीत सगळेच बहिरे आहेत, एकटं वाटत नाही.

आज ते आठवलं, कारण आज मी आर्डनेसला त्याच्याकडे कायमची राहायला आले. बाबा फेब्रुवारीत गेले, त्यांची गावातली शाळा नव्या मास्तरांकडे गेली, आणि मला आता दुसरं माणूसच नाही. तो स्टेशनवर आला नव्हता. दारात उभा होता, बाह्या वर सारून, हाताला पीठ. डाव्या मनगटाच्या वर तो जुना भाजल्याचा डाग, बीनच्या शेंगेसारखा. त्यावर मीच लोणी लावलं होतं एका उन्हाळ्यात. मासळी करपवून ठेवली होती, पण चूल झाडून लख्ख केली होती. दोन खोल्या, भिंतीतला पलंग माझा, बाकावर तो. खिडकीतून क्लाइड नदी दिसते आणि तिच्या काठावर, घरांच्याही वर डोकं काढून, अर्धवट बांधलेलं मोठं जहाज. त्याला नाव नाही अजून. पाण्यात उतरेपर्यंत नाव घेत नाहीत. सगळे त्याच्या बांधणीच्या आकड्याने अठ्ठ्याऐंशी म्हणतात.

जेवताना मी टेबलावर ठोकलं. दोनदा, आणि जरा थांबून एकदा. तो लहानपणी गोवराने आजारी होता तेव्हापासूनची आमची खूण. त्याचा अर्थ, आहेस का? त्याने पावाचा तुकडा खाली ठेवला आणि एकदा ठोकलं. आहे.

मी सुखी आहे. हे लिहायला भीती वाटते, म्हणून लहान अक्षरात लिहिते.

शुक्रवार, १९ एप्रिल

नोकरी लागली. गोदीच्या नकाशाघरात हल्ली बायका घेतात. माझं अक्षर बघून मिस्टर कॉर्सन यांनी दुसरं काही विचारलंच नाही. ते तिथले मुख्य. उंच, थंड, बोटांना शाईचा एक थेंब नाही. काम असं: मूळ नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं आणि रेघ न् रेघ उतरवायची. खाली जहाज बांधणारे आमच्या नकलेवरून बांधतात, मूळ नकाशा कुणी पाहत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, मिस टेट, नक्कल करणाऱ्याने विचार करायचा नसतो. कागदावर नाही ते जहाजात नाही. शिवाय कापड सरळ धरा म्हणाले. मागच्या मुलीने एकदा उलटं धरलं, तर सगळ्या शिड्या भलत्या बाजूला लागल्या.

नीनियनचं काम आज मी प्रथमच पाहिलं. तो धरणारा आहे. बाहेरून दोघं जण लालभडक रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे लोखंडी खिळे, ठोकतात, आणि आत, जिथे सरळ बसताही येत नाही अशा जागेत, एक माणूस वजनदार हातोडा रेटून रिव्हेटचं डोकं धरून ठेवतो. त्याच्या टोळीचा मुख्य डूगल रे. दाढी भाजून अर्धी उरलेला, बोलका आणि ठार बहिरा. मला मास्तरीणबाई म्हणतो. म्हणे, तुमचा भाऊ आमच्यात सगळ्यात शहाणा, कारण आम्ही काय बरळतो ते त्याला मुळीच ऐकू येत नाही.

इथे हाकेचा उपयोग नाही, म्हणून सगळं डोळ्यांवर चालतं. जहाजाच्या तळाला दुहेरी बूड असतं, त्यात पाणी भरायच्या टाक्या. टाकीत उतरणारा आपला पितळी बिल्ला तोंडाशी ठोकलेल्या खिळ्यावर लटकवतो, बाहेर आला की काढून घेतो. खिळा रिकामा म्हणजे टाकी रिकामी. मग झाकण लावतात. आत तोंड घालून कुणी विचारत नाही. विचारलं तरी उत्तर कोण ऐकणार?

गुरुवार, २५ एप्रिल

मालकांनी ऐनवेळी तिसऱ्या टाकीत एक आडवी भिंत वाढवायला सांगितली. तिची नक्कल माझ्याकडे आली. माझं पहिलं महत्त्वाचं काम. दुपारी मान वर केली तर खाली गोदीच्या आवारात नीनियन उभा, मला दाखवायला डोक्यावर चरबीची बादली घेऊन नाचत होता. आम्ही सगळ्या जणी हसलो. मिस्टर कॉर्सन आले तेव्हा मी घाईने पुन्हा कापडावर वाकले. संध्याकाळपर्यंत पुरं करून दिलं. ते म्हणाले, स्वच्छ आहे.

सोमवार, १३ मे

आज नीनियनच्या टोळीने तिसऱ्या टाकीतली ती भिंत बंद केली. तो भिंतीपलीकडे होता, असं डूगल परतताना सांगून गेला. नेहमीची रीत: शेवटचा पत्रा बसवताना धरणारा पलीकडेच राहतो, मग वरून कापणारे येऊन उतरायचं भोक पाडतात, त्यातून तो बाहेर येतो.

नीनियन वेळेवर घरी आला. दार लावताना मी सवयीने पुटपुटले, दमलास रे बाळा. आणि तो वळला.

मी बोलले होते त्याच्या पाठीमागून.

तो हसला. ऐकू येतंय म्हणाला, आत एक रिव्हेट फार जोरात बसली आणि कानात काहीतरी सुटलं. मी त्याला धरून रडले. त्याच्या अंगाला लोखंडाचा वास होता, पण तो नेहमीच असतो.

मंगळवार, १४ मे

सगळ्या जिन्यात बातमी. वरच्या मजल्यावरच्या मिसेस पर्डी अंडी घेऊन आल्या. म्हणाल्या, माझा नवरा वीस वर्षं बहिरा, देवाने हा चमत्कार एक दार चुकून टाकला. मग म्हणाल्या, असू दे, माझं सगळं ऐकू आलं असतं तर केव्हाच अमेरिकेला पळाला असता.

नीनियन त्यांच्या प्रत्येक वाक्याला हसला. योग्य ठिकाणी.

जेवताना मी दोनदा ठोकलं, थांबून एकदा. तो जेवत राहिला. मी पुन्हा ठोकलं. त्याने वर पाहिलं आणि विचारलं, काही हवंय का?

आता ऐकू येतं तर खुणेची गरज काय. असं मी स्वतःला सांगितलं. तरी झोप नाही.

गुरुवार, १६ मे

सकाळी त्याने पाव कापला. डाव्या हाताने.

तो तोंड धुवायला वाकला तेव्हा बाही वर होती. भाजल्याचा डाग तोच, तोच शेंगेचा आकार, तेच वरचं टोक. पण उजव्या हातावर. हनुवटीवरची खोक डावीकडून उजवीकडे गेली आहे. केसांचा भांगही.

जवळजवळ चार आठवडे मी दिवसभर हेच काम करते. रेघ एकही चुकलेली नसते, तरीही सगळं चूक असतं. कापड उलटं धरलं की असं दिसतं.

डूगलला विचारलं, तोंड त्याच्या तोंडासमोर धरून, म्हणजे ओठ वाचता येतील. माझ्या भावात काही फरक वाटतो का? तो म्हणाला, वाटतो तर, डावा झालाय. मास्तरीणबाई, तुमच्या पेजेत काय असतं ते आम्हालाही द्या. दोन्ही हातांचा धरणारा सबंध क्लाइडवर नाही.

शुक्रवार, १७ मे

नकला पोचवायला खाली गेले. अठ्ठ्याऐंशीच्या पोटाखालून जावं लागतं, टेकूंच्या रांगेतून. वरती शंभर हातोडे चालू होते. पण माझे कान अजून शाबूत आहेत.

हातोड्यांच्या मधून, तळाच्या पत्र्यातून, दोन ठोके. थांबून एक.

मी फूटपट्टीने पत्र्यावर ठोकलं. एकदा.

लगेच आला. दोन. थांबून एक.

शनिवार, १८ मे

शनिवारी दीडला गोदी बंद होते. भोंग्यानंतरची ती शांतता या गावात आणखी कुणाला ठाऊक नसेल. मी जहाजाखाली उभी राहिले. आता नुसता ठोका नाही, ठोक्यानंतर हातोडा लोखंडावर टेकल्याची किणकिणसुद्धा ऐकू आली. नीनियन असाच ठोकतो. ठोकून हातोडा उचलत नाही, टेकवतो.

धावत नकाशाघरात गेले. तिसऱ्या टाकीचा मूळ नकाशा काढला, त्यावर माझी नक्कल ठेवली. भिंतीपलीकडच्या कप्प्यावर मूळ नकाशात एक छोटा लंबगोल आहे. उतरायचं भोक. माझ्या नकलेत नाही.

तो बादली घेऊन नाचत होता, मी हसत होते, आणि तो लंबगोल राहून गेला. कागदावर नाही ते जहाजात नाही. कापणारे आलेच नाहीत. ते नकलेप्रमाणे दुसरीकडे गेले.

मिस्टर कॉर्सन कोट घालून निघाले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही कापडं पाहिली, रागावलेही नाहीत. म्हणाले, चूक आहे, पण निरुपद्रवी. तो कप्पा कोरडा राहील, जहाजाला काही होत नाही. मी म्हणाले, आत माणूस आहे. त्यांनी सोमवारची वही उघडली. टाकीच्या खिळ्यावरून नीनियनचा बिल्ला २१४ उतरवला, फाटकावर जमा झाला, सकाळी पुन्हा घेतला. खिडकीकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाले, कुणाला बाहेर काढू, मिस टेट? तुमचा भाऊ खाली उभा राहून पाइप ओढतोय.

खाली तो होता. वर पाहत होता.

मी म्हणाले, एक पत्रा कापा. ते म्हणाले, तीस तारखेच्या उधाणाला जहाज पाण्यात जाणार. पत्रा कापून पुन्हा बसवायला वेळ नाही, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. मग घरी जाऊन झोपा म्हणाले. माझी कीव करत होते.

रविवार, १९ मे

चर्चमध्ये तो गायला. पंधरा वर्षं गायला नव्हता. बायकांनी डोळे पुसले. स्तोत्राचं पुस्तक मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्याचं बोट ओळीवर उजवीकडून डावीकडे सरकत होतं.

सहा दिवस झाले. पाण्याविना माणूस किती दिवस—

मंगळवार, २१ मे

भिंत गळते का ते पाहायला अलीकडच्या टाकीत पाणी भरलं. गळत नाही. डूगल खूश. त्याचा हात धरून मी पत्र्यावर ठेवला. ठोका आला तेव्हा त्याच्या हाताखाली पत्रा थरथरला, मी पाहिलं. तो म्हणाला, वर डेकवर सुतार आहेत. मी म्हणाले, दोन, थांबून एक. सुतार असे ठोकतात का? त्याने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. म्हणाला, माझी आई शेवटी शेवटी असंच काही ऐकायची, बाई.

पाण्यातून ठोका जास्तच स्पष्ट येतो.

शुक्रवार, २४ मे

अकरा दिवस. ठोका क्षीण होत नाही.

व्हायला हवा होता. मी त्याच्या मरणाची वाट पाहत नाही. पण व्हायला हवा होता.

हातोडा त्याच्या हातात कोणाच्या बळाने उचलला जातोय?

तरी तो मलाच विचारतो. आहेस का? मी जाऊन एकदा ठोकून येते. दिवसातून चार वेळा. नकाशाघरातल्या मुली मला वाट देतात.

सोमवार, २७ मे

घरी त्याने चहा ओतला. डाव्या हाताने. मग विचारलं, अगदी प्रेमाने,

“ग्रिझी, तू तिथे कुणाला उत्तर देतेस?”

मी म्हणाले, कुणाला नाही.

तो म्हणाला, नको देत जाऊस. उत्तर दिलं की वाट कळते.

कुणाला कळते हे त्याने सांगितलं नाही. मी चहा प्याले. कडू नव्हता, गोड नव्हता. तो घरात असला की कशालाच चव नसते.

मंगळवार, २८ मे

टाकीतलं पाणी तळाचं बूच काढून सोडून दिलं. उद्या संध्याकाळी बूच पुन्हा बसवतील. परवा दुपारी उधाण. मग जहाज पाण्यात, मग इंजिनं, मग कुठल्या कुठे. तो आयुष्यभर जहाजाच्या तळात समुद्रभर फिरत ठोकत राहील आणि उत्तर देणारं कुणी नसेल.

माझ्या हातून राहिलेला एक लंबगोल. अंगठ्याएवढा.

मी त्याला न्हाऊमाखू घातलंय. मी त्याला अक्षर शिकवलंय.

उद्या टाकीत उतरते. भिंतीपाशी जाऊन ठोकते. आत तो आहे हे माझ्यासमोर पक्कं झालं, तर मी भिंतीला धरून बसेन, मला बाहेर काढायचं तर आधी त्यांना तो पत्रा कापावा लागेल. मी कुणाला सांगितलेलं नाही.

बुधवार, २९ मे

जेवणाची सुटी. नकाशाघराचा बिल्ला मिळाला, ३०९. डूगलने पाहावा म्हणून खिळ्यावर लटकवताना वाजवला. विसरले, त्याला ऐकू येत नाही. तो पाव खात होता, त्याने हात केला.

मेणबत्ती, ही वही, पेन्सिल, फूटपट्टी. उतरले. गुडघ्यांवर सरकत भिंतीपर्यंत. ओलं लोखंड. बुचाचं भोक तळाशी, अंगठ्याहून जरा मोठं, त्यातून दिवसाचा उजेड.

ठोकलं. दोन. थांबून एक.

आला. एक. आहे.

भिंतीला गाल लावला. पलीकडून, त्याच जागी, काहीतरी टेकलं. ऊब नाही. पण मऊपणे टेकलं. सोळा दिवसांनी माझा नीनियन—

वर पावलं.

वर कुणीतरी बोललं. बाई. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की आधी ओळखू येत नाही. मोठ्याने, शब्द सुटे करून, बहिऱ्याशी बोलतात तसं म्हणाली, “आले मी वर डूगल, कुणी नाही रे आत. लाव झाकण.”

डूगल हसला. काय म्हणाला कळलं नाही. काहीतरी मास्तरीणबाई.

खिळ्यावरून पितळ निघाल्याचा आवाज.

मी ओरडले. ठोकलं. झाकण सरकलं. एक बोल्ट. दोन. मी ओरडत राहिले आणि ती वर, माझ्याच गळ्याने, हवापाण्याचं काहीतरी बोलत राहिली.

बारा बोल्ट.

नंतर

मेणबत्ती दोन बोटं उरली. वहीची पानं फाडून, गुंडाळून, बुचाच्या भोकातून खाली सोडते आहे. सगळी. पहिल्या दिवसापासून. खाली, जहाज पाण्यात घसरायचं त्या उतारावर, चरबी माखणाऱ्यांचे बूट दिसतात. बोट बाहेर काढून हलवलं. बूट थांबले नाहीत. त्यांचे डोळे हातातल्या कामावर.

पलीकडे तो ठोकतो. मी उत्तर देते. आम्ही दोघंही आता विचारत नाही. नुसतं एक. एक. एक.

बूच घेऊन कुणीतरी येतंय. हे शेवटचं पान.

भल्या माणसा, तू जो कोणी हे उचलशील. मी, ग्रिझेल टेट, उजव्या हाताने लिहिते. उद्या मी तुझ्या शेजारी उभी असेन, टोपी घालून, जहाजाकडे पाहत, भावाच्या हातात हात घालून. तिला पेन्सिल दे. नुसतं नाव लिही म्हण. कुठला हात पुढे येतो ते बघ.

आणि मग झाकण काढ. मला ठाऊक आहे तू नाही काढणार. खिळा रिकामा आहे, बिल्ले पुरे आहेत, भरती दुपारी आहे. तुला माझा ठोका ऐकूही येत नसेल. तरी मागते. बूच बसवायच्या आधी एकदा, फक्त एकदा, पत्र्यावर हात ठेव आणि थांब, निदान तिसऱ्या ठोक्यापर्यं—